दाजीबाच्या गुंडूनं फणी उचलली

एका जंगलात, बाळांनो, सगळं जिथल्या तिथं होतं. झाडं होती, नदी होती, सिंह होता, आणि सिंहाला आयाळ होती. आता आयाळ म्हटली की ती विंचरणारा आला. विंचरणारा आला की त्याला बसायला सावली आली. सावलीत टेकायला लोड आला. आणि एकदा का लोडाला पाठ टेकली, की कसलंही जनावर साहेब होतं.

ह्या साहेबाला त्या जंगलात आयाळनीस म्हणत.

एका सिंहाची आयाळ ती केवढी, तिला विंचरणारे लागतात किती, असं तुम्ही विचाराल. हे बघा, असले प्रश्न विचारत राहिलात तर तुम्हाला कुठंही नोकरी लागायची नाही. गप ऐका.

सिंहाच्या खडकाभोवती आयाळनीसांची रांग बसे. एकजण उजव्या कानामागं फणी फिरवी, दुसरा डाव्या. तिसरा फणीत अडकलेले केस सोडवी. चौथा ते केस जपून कोठारात नेऊन ठेवी. पाचवा चौथ्यावर लक्ष ठेवी. बाकीचे आपली पाळी यायची वाट बघत आणि वाट बघून दमत. बदल्यात राजाच्या पानातलं उरलंसुरलं मिळे. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, आयाळनीसाला सिंह खात नसे.

ह्या शेवटच्या फायद्यापायी जंगलातल्या यच्चयावत आईबापांना वाटे, आपलं पोर आयाळनीस व्हावं.

दाजीबालाही वाटे. दाजीबा म्हणजे खवल्या मांजर. नाव मांजर, पण मांजराशी काडीचं नातं नाही. अंगभर खवले, लांब जीभ, पुढच्या पायांना फावड्यासारखी नखं. काम काय, तर वारूळ उकरायचं, मुंग्या आणि वाळवी चाटायची आणि ढेकर द्यायची. भीती वाटली की अंगाची गुंडाळी करायची आणि गप पडायचं. ह्या गुंडाळीला सिंहसुद्धा तोंड लावत नाही, दात पडतात. म्हणजे सिंहानं खाऊ नये यासाठी दाजीबाच्या घराण्याला नोकरीची गरजच नव्हती. पण हे दाजीबाला सांगणार कोण? शेजारच्यांची पोरं फणी घेऊन हिंडत होती. एवढं कारण त्याला पुष्कळ होतं.

दाजीबाची बायको सगुणा एकदा म्हणालीसुद्धा, "अहो, आपल्या सात पिढ्यांत कुणाच्या पाठीवर केस उगवला नाही. आपल्या घरात फणी बघितलीय का कुणी?"

"म्हणूनच!" दाजीबा म्हणाला. "सात पिढ्यांत झालं नाही ते माझा गुंडू करून दाखवणार."

गुंडू त्यांचा एकुलता एक. त्याला खणायचं वेड. साधंसुधं खणणं नव्हे. घरातलं बीळ त्यानंच खणलेलं. आत शिरलं की एक वळण, पाऊस तिथूनच माघारी. मागं दुसरं तोंड, वारा आरपार. सगुणाची पाठ धरते म्हणून भिंतीत एक टेकू ठेवलेला. ते बघून शेजारचा पांडबा साळिंदरही गुंडूकडून बीळ खणून घेऊन गेला. आणि त्याच बिळात आरामात पडून दाजीबाला म्हणाला, "पोरगं वाया चाललंय तुझं."

ते ऐकून दाजीबा तावातावानं घरी आला.

"गुंड्या, मी जन्मभर माती उकरली, ती काय तूही माती उकरावीस म्हणून?"

"पण बाबा, मला आवडतं."

"आवडतं? मला काय मुंग्या आवडतात? खाल्ल्याच की नाही मुकाट जन्मभर!"

गुंडू घाबरला. त्यानं गुंडाळी केली.

दाजीबाला मुलापेक्षा मुलाची गुंडाळी जास्त आवडे. मुलाला तोंड होतं, गुंडाळीला नव्हतं. तिच्यासमोर बसून तो मुलाच्या भविष्याविषयी मोकळेपणानं चर्चा करी.

"मग आयाळनीस व्हायचं ठरलं तर?"

गुंडाळी गप्प.

"काही अडचण असली तर सांग हं. मी काही जुन्या वळणाचा बाप नाही."

गुंडाळी गप्प.

"ऐकलंस का गं? आपलं पोर फार समजूतदार आहे," दाजीबा सगुणाला सांगे.

असं चाललं असता त्या जंगलात एक गोष्ट घडली. एका हरणाचं पाडस आयाळनीशीच्या परीक्षेला म्हणून घरून निघालं, ते वाटेत वळलं आणि जंगलाच्या हद्दीबाहेर जे पळत सुटलं ते परत आलंच नाही. हरणीनं हंबरडा फोडला. सिंहालाही वाईट वाटलं. पाडस हातचं गेल्याचं सिंहाला का वाईट वाटावं, ते तुम्ही मोठे झालात की कळेल.

सिंहानं कारभारी माकडाला बोलावलं आणि जंगलभर दवंडी पिटवली. "ऐका हो ऐका! आजपासून प्रत्येक पोरानं आपला धंदा आपल्याच मनानं निवडायचा! पोरासमोर ताट मांडायचं, ताटात निरनिराळ्या पाच वस्तू ठेवायच्या, पोरानं त्यातली एक उचलायची! जी उचलेल तो त्याचा धंदा! कुणी हातात द्यायची नाही हो ऽऽ!"

ह्यात हसण्यासारखं काही नाही. तुमच्या उष्टावणाला तुमच्यासमोर पुस्तक, नाणं, पेन, दागिना मांडला होताच की नाही? तुम्ही रांगत जाऊन काय उचललंत, आठवतंय? आणि आता काय करता? जाऊ द्या. मी काही बोलत नाही.

तर दवंडी ऐकून पोरं नाचली. आईबापांची झोप उडाली. मग रंभाक्का कोल्हीण पुढं झाली आणि तिनं वडाखाली आवड वर्ग उघडला.

दाजीबा सगळ्यांच्या आधी तिथं हजर.

"रंभाक्का, पोरगं ऐकत नाही हो."

"दाजीबा, जबरदस्ती करू नका बरं. तो काळ गेला. आपण फक्त पोराची आवड जागी करायची."

"आणि भलतीच जागी झाली तर?"

"तिला थोपटून निजवायची."

दाजीबाचे डोळे भरून आले. शिक्षण म्हणतात ते हेच, असं त्याला वाटलं.

वर्गाची फी दर पौर्णिमेला एक कोंबडा. जंगलात कोंबडा आणायचा कुठून, हा आईबापांचा प्रश्न. आयुष्यभर मुंग्या चाटलेला दाजीबा गावकुसापर्यंत जाऊन खुराड्यात शिरू लागला. कुत्र्यांनी शेपटी धरली, तरी मुलासाठी सोसलं त्यानं.

वर्गात पोरं ओळीनं बसत आणि एका सुरात म्हणत, "मला माझ्या मनानं फणी आवडते." जो हे डोळ्यांत पाणी आणून म्हणेल त्याचा पहिला नंबर. ससोबाच्या पोराचा नेहमी पहिला येई. गुंडूचा शेवटचा. पोर वाईट नव्हतं, पण जिथं बसेल तिथं खड्डा करी. म्हणता म्हणता दिसेनासं होई. मग रंभाक्का त्याला शेपटीला धरून वर ओढी आणि हातात फणी कोंबी.

"दाजीबा, तुमच्या पोराला स्वतःचं मन म्हणून नाहीच मुळी," ती म्हणे. "कितीदा घालून दिलं, टिकतच नाही."

निवडीचा दिवस आला. दाजीबानं पहाटेच उठून ताट सजवलं. एक लाकडाची फणी, एक शिंगाची, एक बांबूची, एक माशाच्या काट्याची. पांडबा साळिंदरानं मोठ्या मनानं आपले पाच-सहा काटे उपटून दिले होते, त्यांची एक.

सगुणानं ताट बघितलं.

"अहो, ह्या पाचही फण्याच आहेत."

"पाच निरनिराळ्या आहेत. ही लाकडाची, ही शिंगाची. पोराला निवडीला वाव नको?"

"कोपऱ्यात एखादं फावडं ठेवा की."

"अगं, फार पर्याय दिले की पोरं गोंधळतात. आपण आईबाप आहोत, गोंधळ आपणच नाही का कमी करायचा?"

सिंहाच्या खडकासमोर सगळं जंगल जमलं. दाजीबानं आजूबाजूची ताटं बघितली आणि त्याला बरं वाटलं. सगळ्या ताटांत पाच-पाच फण्या. ताट कुणी मांडायचं हे दवंडीत सांगितलं नव्हतं. दवंडी लिहिणाऱ्या माकडालाही पोरं होती.

ससोबाच्या पोरानं फणी उचलली आणि ठरल्याप्रमाणे रडलं. टाळ्या पडल्या. बदकाच्या मुलीनं उचलली. टाळ्या. नंतर माकड ओरडलं, "गुंडू दाजीबा खवले!"

गुंडू ताटासमोर गेला. त्यानं पाचही फण्यांकडं बघितलं. मग आईकडं बघितलं. आईनं जमिनीकडं बघितलं.

"बाबा," गुंडू म्हणाला, "मला यातलं काहीच नको."

एवढं लांब वाक्य तो चारचौघांत पहिल्यांदाच बोलला होता.   दाजीबाला दिसलं ते पुढचं सगळं. पांडबा हसतोय. रंभाक्का मान हलवतेय. लग्नाकार्यात कुणी विचारतंय, काय करतो हो मुलगा? आणि आपण सांगतोय, खणतो. नुसता खणतो.

"काय म्हणालास?" तो गरजला.

गुंडूनं गुंडाळी केली.

त्या ठिकाणी खडक जरा उतरता होता. आणि दाजीबाचा पाय, आता योगायोग म्हणा, जरा पुढं आला. गुंडाळी सुटली. गडगडत गेली ती थेट ताटावरून. लाकडाची फणी मोडली, शिंगाची उडाली, बांबूची चिरडली. साळिंदराच्या काट्यांची फणी मात्र गुंडाळीच्या पाठीत, दोन खवल्यांच्या मधोमध, अशी काही रुतली की गुंडाळी थांबली तेव्हा ती डोक्यावर तुऱ्यासारखी उभी होती.

"उचलली!" दाजीबा ओरडला.

"न बघता उचलली!" पांडबा म्हणाला. "ह्याला म्हणतात ओढ. आणि उचलली ती नेमकी माझ्याच काट्यांची!"

माकडानं डोकं खाजवलं. "पाठीनं उचललेली चालते का?"

"हातानंच उचलायची असं दवंडीत आहे?" रंभाक्कानं विचारलं.

"तसं नाही."

"कुणी हातात दिली?"

"तेही नाही."

"मग? पोरानं अंग झोकून निवड केलीय. अशी निवड मी जन्मात बघितली नाही."

माकडानं शिक्का मारला. दाजीबानं वाळवीचे लाडू वाटले.

घरी सगुणा मुलाच्या पाठीतली फणी काढायला बसली.

"आई, दुखतंय."

"झालं बघ, निघाली फणी."

"फणी नाही गं," गुंडू म्हणाला.

सगुणानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दाजीबा बाहेर अभिनंदन स्वीकारत होता.

गुंडू आयाळनीस झाला. रांगेत शेवटची जागा मिळाली. पाळी आठवड्यातून कधी यायची, कधी यायचीही नाही, कारण आयाळ आता फारशी उरलीच नव्हती. एवढ्या फण्या रोज फिरल्यावर दुसरं काय होणार? कपाळापासून मानेपर्यंत सिंह तुळतुळीत झाला होता. मागं चार केस होते, त्यांच्यावर खातं चालू होतं. केस कमी झाले तशी विंचरणाऱ्यांची भरती वाढली, कारण उरलेले केस फार काळजीनं विंचरावे लागत. हसू नका. तुमच्याकडंही असं एखादं खातं सापडेल.

गुंडू बसून राहिला. खणणं सुटलं तशी नखं झिजायची थांबली. वाढली, वळली, उलटी फिरून तळव्यात रुतू लागली. तो लंगडायला लागला.

"साहेबांची नखं वाढायचीच," दाजीबा कौतुकानं म्हणाला.

मग गुंडूचं खाणं सुटलं. सगुणा रोज डब्यात मुंग्या घेऊन जाई. त्याच्यापुढं ठेवी. तो बघत बसे आणि मुंग्या एकेक करून चालत निघून जात.

"अहो, पोर मरेल," सगुणा एक दिवस म्हणाली.

"नवी नोकरी आहे. रुळेल."

सगुणानं नवऱ्याकडं बघितलं. मग तिनं डबा उचलला आणि गुंडूकडं गेली.

"दिवसभर काय करतोस रे?"

"बसतो."

"मग बसल्या बसल्या ती नखं तरी घास की खालच्या जमिनीवर. त्याला का कुणाची परवानगी लागते?"

गुंडूनं एक नख जमिनीवर घासलं. मग दुसरं. दुसऱ्या दिवशी आईनं आणलेल्या मुंग्यांतल्या त्यानं निम्म्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी डबा चाटूनपुसून साफ केला. रांगेतल्या शेवटच्याकडं कुणी बघत नसतं. लोडामागं मातीचा ढीग वाढत होता, त्याला टेकून पुढचे आयाळनीस झोपत होते. नवा लोड मऊ आहे, असं एकानं म्हटलंसुद्धा.

एका टळटळीत दुपारी माकडानं पुकारा केला, "आयाळनीस गुंडू!"

कुणी आलं नाही. बघतात तो गुंडूच्या जागी बीळ, आणि बिळाच्या तोंडाशी फणी ठेवलेली.

हाहाकार माजला. दाजीबाला बोलावणं गेलं. तो धापा टाकत आला. फणी बघून त्याचे खवले ताठ झाले.

"महाराज, तो माझा मुलगाच नाही!" तो सिंहाला म्हणाला. "मला मुलगा नाही. मला मुलगा कधीही नव्हता." मग सगुणाकडं बोट करून म्हणाला, "तिला होता."

पण सिंहाचं लक्ष नव्हतं. ऊन मी म्हणत होतं. आयाळ असती तर डोकं झाकलं असतं. इथं कवटीवर भाकरी भाजली असती. समोर बीळ होतं आणि त्यातून गार वारा येत होता. सिंहानं आत डोकं घातलं. मग खांदे घातले. बिळाच्या तोंडाची माती ढासळली, पण राजाला अडवणार कोण? शेपटीचा गोंडाही आत गेला.

 बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग आतून आवाज आला, "आहाहा!"

 मग, "वळण काय घेतलंय! ऊन इथवर येतं आणि माघारी जातं. अरे, हे कुणी खणलं?"

"माझ्या मुलानं, महाराज!" दाजीबा ओरडला.

पांडबा वळला. "आत्ता तर म्हणालास, मुलगा नाही."

"मुलगा नाहीच! तो माझा मित्र आहे. आम्ही त्याला कधी मुलासारखं वागवलंच नाही. पहिल्यापासून सांगत आलो, बाबा रे, तुला आवडेल ते कर."

सगुणानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. लाजेनं की हसू लपवायला, ते मला विचारू नका.

राजा तीन दिवस बिळाबाहेर आला नाही. चौथ्या दिवशी आला तो सत्काराचं ठरवूनच आला. सत्कार गुंडूचाच करायचा होता. पण तो सापडेना, आणि नारळ तर आणून ठेवलेला. मग तो दाजीबाला द्यायचं ठरलं. कोठारात आयाळीचे केस पडून होते, त्यांची शाल विणली. रंभाक्कानं वडाखालची पाटी बदलली. आता तिथं खणणी वर्ग होता. पोरं ओळीनं बसून म्हणत, "मला माझ्या मनानं माती आवडते." ससोबाचं पोर पहिल्यांदाच खरंखुरं रडलं. बिचाऱ्याला एव्हाना विंचरणं मनापासून आवडायला लागलं होतं. रंभाक्कानं त्याला पहिला नंबर दिला.

सत्काराला जंगल लोटलं. पुढच्या रांगेत सगुणासाठी पाट मांडला होता, तो रिकामा होता. मुंग्यांचा डबा घेऊन ती सकाळीच बिळात उतरली होती.

दाजीबा शाल सावरत खडकावर उभा राहिला. विषय होता, 'मुलांना स्वातंत्र्य कसे द्यावे'.

"मित्रहो," तो म्हणाला, "पोराच्या पाठीवर बापाचा हात पाहिजे, पण तो दिसता कामा नये..."

तेवढ्यात पायाखाली आवाज झाला. खर्र. खर्र. कुणीतरी खडकाखाली खणत होतं.

सभा उभी राहिली.  दाजीबा वाकला आणि जमिनीला तोंड लावून म्हणाला, "गुंडू! बाळा! वर ये! आपला सत्कार आहे!"

आवाज थांबला.

सगळं जंगल कान टवकारून उभं होतं. सिंहही. रंभाक्काही.

मग आवाज पुन्हा सुरू झाला. खर्र. खर्र. पण आता तो खडकाखाली नव्हता, बाजूला गेला होता. मग आणखी लांब. मग नदीच्या पलीकडं. मग ऐकू येईना.

दाजीबा उठला. त्यानं शालीच्या टोकानं डोळे टिपले आणि भरल्या आवाजात सभेला म्हणाला, "बघितलंत? कुठं जायचं ते त्याचं तो ठरवतो. ह्याला म्हणतात संस्कार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

तात्पर्य : मुलांना आपली वाट आपली आपण खणू द्यावी. ती खणून होईपर्यंत आपण तिला नावं ठेवावीत, आणि खणून झाली की शाल पांघरून तिच्या तोंडाशी उभं राहावं.